काँप्युटरचा लोकरी झगा

दुरुस्तीच्या दुकानात मी मांडीवर बिघडलेला प्रिंटर घेऊन बसलो होतो. हात अडकलेले, कान तेवढे मोकळे. माझ्यापुढे एक काका-काकू आणि टेबलापलीकडे त्यांचा काँप्युटर उघडून बसलेली दुरुस्ती करणारी ताई.

"खेळतानाच बंद होऊन पुन्हा सुरू होतो का, काका?"

"खेळतानाच. लेक परदेशात असते. दर रविवारी आम्ही ऑनलाइन गाड्यांची शर्यत लावतो. मी पुढे गेलो रे गेलो, की हा मान टाकतो."

"तुम्ही पुढे कधी जाता हो?"

"तू गप गं."

"काका, आत पंख्याला लोकर गुंडाळली गेलीय. हवा मिळत नाही, मग तापतो आणि बंद पडतो."

"लोकर? अगं बाई! धूळ बसू नये म्हणून मीच झगा विणून घातलाय त्याला."

"खेळतानासुद्धा?"

"मग काय, उघडा ठेवू? लेकीनं हौसेनं पाठवलाय. अहो, रागावलात?"

"छे गं, उपकारच झाले तुझे. खेळताना पोरगी 'बाबा, ब्रेक!' यापलीकडे बोलत नाही. हा बंद पडला, की लगेच फोन करते. मग माझे गुडघे, तुझी औषधं, सगळ्याची चौकशी होते."

"पंखा साफ केलाय, काका. आता नाही बंद पडणार. झगा तेवढा काढून ठेवा."

"ठेवते हो, ताई. फार बरं केलंत. धुऊन हाताशीच ठेवते. पोरगी फोन करायची विसरली, की घालीन परत."