प्लगावरचं तेल

(भीमपूर मंडलातलं एक गाव. भारत मेकॅनिकचं गॅरेज त्याच्या घराच्याच अंगणात. शेडात उभी आहे ती दीपमाला टीचरच्या वडिलांची, धोंडीबा आबांची, अठरा वर्षं जुनी मोटरसायकल.)

दीपमाला : अरे, हा प्लग सकाळीच नवा टाकला ना तू?

भारत : सकाळीच टाकला ताई. दोन चकरा मारल्या फक्त. हात लावून पाहा. नुसती काजळी असती तं कोरडी असती. हे ओलं हाय. तेल हाय हे, तेल.

दीपमाला : मागच्या सालीच तर इंजन खोललं होतं. रिंगा गेल्या म्हणालास.

भारत : रिंगा टाकल्या, वाल्वचे सीलबी टाकले. तरी हे असंच. माह्यं डोस्कंच चालून नाही राह्यलं.

दीपमाला : जाऊ दे. उद्या पंढरी गाडी विकत घ्यायची म्हणून पाह्यला येणार आहे. एकदा चालू कर, घेऊन जाईल. घरात नकोच ती.

भारत : आबा इका म्हणतात?

दीपमाला : आबांना कोण विचारते? मोठ्या रोडवर मधातच बंद पडली अन् ट्रक हातभर अंतरावर येऊन थांबला. तेव्हाच चाबी काढून घेतली मी. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, किक बसत नाही. अन् वरून म्हणायचे काय, तर गाडीतच खोट आहे!

भारत : थांबा ताई. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवतो, तुमी किक मारा... बाप्पा! अंगठाच फेकला न. दम तं भरपूर हाय, म्हंजे रिंगा चांगल्या हायत. अन् ही तेल मोजाची काडी पाहा. इंजनातलं तेल भरलं तेवढंच हाय, थेंब कमी नाही.

दीपमाला : मग?

भारत : मंग इंजन तेल खातच नाही! खालून नाही आलं, तं वरून आलं. टाकीतून. तुमच्या वहीचं एक कोरं पान द्या बरं.

दीपमाला : पानानं काय होते?

भारत : निव्वळ पेट्रोलचा थेंब पडला तं उडून जाते, कागद होता तसा राह्यते. हे पाहा, टाकीतला टाकला. उडालं पेट्रोल... अन् हे?

दीपमाला : भज्याच्या कागदासारखा डाग! पेट्रोलात तेल? कोणी टाकलं? आबांनी?

भारत : पेट्रोल कुठून आणता तुमी?

दीपमाला : कुठून म्हणजे? तुझ्या आईकडून. पंप काय जवळ आहे? दीड सालापासून मावशीच्याच बाटल्या.

भारत : ...माय! ओ माय! बाहेर ये.

जयवंताबाई : काऊन बोंबलून राह्यला? भाकर तव्यावर हाय माही.

भारत : बाटलीत काय टाकतं तू?

जयवंताबाई : काय टाकीन? दुसरे पाणी टाकतात, रॉकेल टाकतात. माह्यं पेट्रोल इमानाचं. वरून दर बाटलीले झाकणभर गाडीचं तेल, माह्या पदरचं.

भारत : तेल? कोणं सांगतलं तुले?

जयवंताबाई : तुह्या बापानं. बिगर तेलाचं पेट्रोल म्हणजे बिगर मिठाचं वरण, म्हणे. एक डाव त्याच्या मोपेडीत टाकाचं राह्यलं, तं इंजन जागीच जाम झालं. चार कोस ढकलत आणली त्यानं.

भारत : माय, ती गाडी येगळी व्हती! तिले पेट्रोलातच तेल लागे. या गाड्यायचं तेल खाली येगळं असते. वरून टाकलं की प्लग काळा, धूर, अन् भर रस्त्यात बंद.

जयवंताबाई : काय सांगतं! मी तं सगळ्यायलेच देतो. वच्छलाबाईच्या पोराले, उद्धवरावले...

भारत : उद्धवरावचं इंजन म्या दोनदा खोललं! मी पार्ट आणाले जातो तवा पंपावर भरून येतो, म्हून माह्या गाडीत कधी दिसलं नाही. माह्याच घरातून तेल जाऊन राह्यलं, अन् मी लोकायच्या गाड्या फाडून राह्यलो!

जयवंताबाई : अगं माय व... पुण्य समजून टाकलं रे म्या.

दीपमाला : भारत, म्हणजे आबांची किक बरोबर बसत होती?

भारत : हव ताई. जुन्या प्लगवर सकाळी माह्या किकनंबी चालू नाही झाली. आबांचं काहीच चुकलं नव्हतं.

दीपमाला : चाबी घेतली त्याला सहा महिने झाले. आधी रोज म्हणायचे, 'बाई, माझं ऐक, गाडीत खोट आहे.' एक दिवस मी चारचौघात बोलले, 'आबा, गाडीला नावं नका ठेवू, तुमचेच हातपाय गेले.' तेव्हापासून चहानं भरलेली कपबशी हातात घेत नाहीत. खाली ठेव म्हणतात, सांडन.

जयवंताबाई : सांडते का खरंच?

दीपमाला : एकदाही नाही सांडला मावशी. पण त्यांना तसंच वाटून राह्यलं.

जयवंताबाई : चाल, मी येतो तुह्यासंगं. पाया पडतो त्याच्या. तेल म्या टाकलं, मीच सांगीन.

दीपमाला : तेलाचं तुम्ही सांगाल, मावशी. पण हातपाय गेले असं तुम्ही नव्हतं म्हटलं.