कालवड क्रमांक सतराच्या रक्ताबाबत

मी, खाली सही करणारी, वय ४१ वर्षे, धंदा नोकरी (पशुसंशोधन केंद्रात आकडेवारी तपासणे, तिथे मला सगळे आकडेबाई म्हणतात), राहणार केंद्राची वसाहत, खोली क्रमांक ९, स्वतःहून ठाण्यात येऊन सांगते की,

आमच्या केंद्रात चोवीस कालवडींवर काम चालू आहे. बारा सावलीत, बारा उन्हात ठेवल्या. उन्हाने त्यांच्या रक्तातली कोणती जनुकं जास्त काम करतात आणि कोणती गप्प बसतात, हे पाहायचं आहे. रक्त काढून नळीत भरण्याचं काम रक्तवाले काका करतात. वय सत्तावन्न, निवृत्तीला चार महिने. यंत्रातून येणारे आकडे माझ्याकडे येतात.

हवालदारांनी विचारलं की आकड्यांवरून काय कळतं. मी सांगितलं, चौदा हजार जनुकं आहेत. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, की उन्हाने तुझ्यात फरक पडला का, तर काहीच घडलं नसलं तरी सातशेएक जनुकं नुसत्या योगायोगाने 'हो' म्हणतात. ती खोटी 'हो' गाळणं हे माझं काम. हवालदार म्हणाले, "आमच्याकडेही तेच." पण ही गाळणी करण्याआधी मी एक चित्र काढते. प्रत्येक कालवड म्हणजे एक ठिपका. सारख्या रक्ताचे ठिपके जवळ पडतात.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास मी ते चित्र काढलं. तेवीस ठिपके आपापल्या घोळक्यात आणि सतरा नंबर एकटा कोपऱ्यात. कुठे माशी शिंकली म्हणून पाहिलं, तर सतरामध्ये फक्त नरात असणारी जनुकं चालू होती. कालवडीच्या रक्तात नर! मला अगदी खजिना सापडल्यासारखं झालं. मी त्याच तासात संचालकसाहेबांना लिहून दिलं, "नळी बदललेली आहे. रक्त वळूचं आहे." वळूच्या गोठ्याची किल्ली काकांकडे असते. मंगळवारी साहेबांनी काकांना कामावरून दूर केलं आणि आपल्याकडे फसवणुकीचा अर्ज दिला. तेव्हापासून काका रोज सकाळी दहाला ठाण्यात येऊन या बाकावर बसतात. आज त्यांच्यावर गुन्हा दाखल होणार आहे, असं मला साहेबांनीच सांगितलं.

बुधवारी काका मला फाटकाशी भेटले. म्हणाले, "बाई, एकतीस वर्षांत माझा हात चुकला नाही. तुमचं यंत्र चुकलं असेल." मी म्हटलं, "यंत्र चुकलेलं नाही, काका." ते गेले. मला जेवण गेलं नाही.

कारण एक गोष्ट मला सोमवारपासून टोचत होती. फक्त मादीत काम करणारं एक जनुक असतं, तेही सतरामध्ये व्यवस्थित चालू होतं. रक्त वळूचं असेल तर ते गप्प हवं. नर जनुकंही वळूच्या निम्म्यावरच होती. हे मी पाहिलं होतं आणि घाईत सोडून दिलं होतं. घाई कसली होती, तर शोध मी लावला हे सांगायची. लाज वाटते, पण लिहून घ्यावं.

बुधवारीच दुपारी तीन वाजता मी गोठ्यात गेले. नोकरीच्या नऊ वर्षांत मी दुसऱ्यांदा गोठ्यात गेले. तिथल्या मावशी सतराला धूत होत्या. मी विचारलं, हिचं काही वेगळं आहे का? मावशी म्हणाल्या, "वेगळं काय! हिचा जुळा भाऊ पलीकडच्या गोठ्यात आहे. भावाबरोबर जन्मलेली कालवड बहुतेक गाभण राहत नाही. अगंबाई, तुम्हाला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. जनावरांच्या डॉक्टरांनी समजावलं की पोटात असताना दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जोडल्या जातात, भावाच्या पेशी बहिणीत येतात आणि तिच्या रक्तात जन्मभर राहतात. जन्मनोंदवहीत 'जुळी' असं स्वच्छ लिहिलेलं आहे. माझ्या तक्त्यात वय, वजन, गट असे रकाने आहेत, जुळ्याचा रकानाच नाही. तो तक्ता मी आखला आहे.

काल डॉक्टरांनी माझ्यासमोर सतराचं ताजं रक्त आणि डाव्या कानाच्या कातडीचा कण घेतला. आज सकाळी निकाल आला. रक्तात नर आहे, कातडीत नाही. म्हणजे नळी सतराचीच होती. दोन्ही कागद सोबत जोडले आहेत.

हवालदारांनी विचारलं, काका हे आधीच का बोलले नाहीत. आम्ही त्यांना "नळी बदलली का" एवढंच विचारलं आणि ते "नाही" म्हणाले. सतरा नंबर कशी आहे, हे त्यांना कोणी विचारलं नाही. मीही नाही.

आकडे एवढंच सांगत होते की सतरा वेगळी आहे. 'बदललेली' हा शब्द आकड्यांचा नाही, माझा आहे. माझी काकांविरुद्ध कसलीही तक्रार नाही.

हा जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचला, तेव्हा काका बाकावरच होते. ते मध्येच म्हणाले, "बाई, कातडी उजव्या कानाची असेल. सतराच्या डाव्या कानात बिल्ला आहे." मी सोबतचा कागद पाहिला. उजवा कान आहे. ही दुरुस्ती धरून बाकीचा मजकूर मी सांगितला तसाच आहे, म्हणून सही करते.