घर मोजलं त्या दिवशीची पोती

व्यासपीठावरील सन्माननीय अध्यक्ष, नात्याने माझे भासरे, म्हणजे मालकांचे थोरले भाऊ, वामनरावजी. मार्गदर्शनासाठी मुद्दाम आलेले इंजिनियर अंकुशराव साहेब. आपल्या बचत गटाच्या प्रमुख अंजनाबाई. समोर बसलेल्या गल्लीतल्या बाया आणि भाऊ. आणि दुसऱ्या रांगेतला माझा मुलगा निकेश. सर्वांना माझा नमस्कार.

मला बोलायची सवय नाही, म्हणून लिहून आणलं आहे.

आज मला दोन कामं दिली आहेत. एक, मला दिलेल्या या निरोपाला उत्तर द्यायचं. दुसरं, गटातल्या काही जणींना घरावर कर्ज काढायचं आहे. तेव्हा घराची किंमत ठरवायला साहेब येतात, ते काम लवकर कसं आटोपतं ते सांगायचं. मांडव एक, चहा एक, म्हणून कार्यक्रमही एक. अंजनाबाईंचं असंच असतं, त्यात काही फुकट जात नाही.

आधी दुसरं काम करते. साहेब येणार त्या दिवशी कुत्रा बांधून ठेवा. घरटॅक्सची पावती आणि नकाशा शोधत बसू नका, आदल्या दिवशीच काढून ठेवा. मागच्या वाडीत जायची वाट मोकळी करा आणि छतावर चढायला शिडी लावून ठेवा. स्लॅब कधी टाकला ते आठवून ठेवा, कारण घराचंही वय धरतात. अंकुशराव साहेब माझं घर मोजायला आले, तेव्हा मला साल सांगता येईना. निकेश तिसरीत होता, एवढंच आठवलं. साहेबांनी त्यावरून साल काढलं. साहेबांच्या मागेमागे फिरून घराची तारीफ करू नका. फणसाचं झाड आजेसासऱ्यांनी लावलं, हे मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि टेप पुढे धरला.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एकही खोली बंद ठेवू नका. एका कुलपासाठी साहेबांना परत यावं लागतं.

माझ्या घरी एक खोली बंद होती. निकेशचे बाबा लाईनमन होते, हे आपल्याला माहीत आहे. गल्लीत लाईट गेली की तुम्ही त्यांनाच हाक मारत होता. माघात ते गेले. तेरवीनंतर त्यांची खोली मी उघडली नव्हती. पण साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी उघडली. त्यांचे गमबूट, कमरेचा पट्टा, टॉर्च, रेनकोट, सारं भिंतीपर्यंत पसरलेलं होतं. टेप कुठून धरणार? मग धानाची रिकामी पोती आणली, सामान त्यांत भरलं, तोंडं सुतळीनं बांधली आणि ओसरीत लावून ठेवली. साहेब गेले की परत जागच्या जागी ठेवायचं होतं.

साहेबांना निकेशनंच बोलावलं होतं. घर मोजायचं कशासाठी, हे मी त्याला आधीच विचारलं होतं. तो म्हणाला होता की विकायचं नाही, किंमत माहीत असलेली बरी. म्हणून मी मदत केली. कोणी घरी कामाला आलं तर त्याला ताटकळत ठेवू नये, असं आमच्याकडे शिकवलं आहे.

मोजणीच्या दिवशी निकेश नागपूरवरून आला आणि त्यानं ओसरीत पोती पाहिली. तो तिथंच खाली बसला. म्हणाला, "आई, तू त बांधाबांध बी सुरू केली. मले वाटे, तू आयकणारच नाई."

त्याचे डोळे भरून आले होते. मागच्या महिन्यात वाघ नाल्यापर्यंत आला, तेव्हापासून तो रोज रात्री फोन करतो, नागपूरला चल म्हणतो. बाप गेल्यावर इतका मोकळा झालेला तो मला पहिल्यांदा दिसला. अशा वेळी आईनं काय म्हणावं? मी चहा ठेवला.

संध्याकाळपर्यंत भासऱ्यांनी गिऱ्हाईक पाहिलं. माझ्या काळजीपोटीच पाहिलं, यात शंका नाही. दुसऱ्या दिवशी अंजनाबाई कुंपणापाशी आल्या. "काऊन वो बाई, चालल्या अन् आमाले सांगतलं बी नाई?" मी म्हटलं, अजून काही ठरलं नाही. त्या म्हणाल्या, "पोते त बांधले ना." मग वर्गणी झाली. मग ही चाकांची बॅग आली. मग मागचा फलक लागला, 'गुणाबाईंना भावपूर्ण निरोप'. 'भावपूर्ण' लिहिलेला फलक आमच्या घरासाठी या वर्षात दुसऱ्यांदा लागला आहे.

आपल्यापैकी कोणी माझं वाईट केलं नाही. कोणी रागावलं असतं तर मला उलट बोलता आलं असतं. पण आपण सारे प्रेमानं वागलात. अंगावर शाल पडल्यावर 'नाही' कसं म्हणायचं, हे मला कोणी शिकवलं नाही. काल रात्रीपर्यंत मला वाटत होतं, उद्या शाल घ्यावी, आणि सरळ निकेशच्या गाडीत बसावं.

पण मोजणीच्या दिवशी निघताना साहेबांनी विचारलं होतं, इथं राहतं कोण? मी म्हटलं, मीच. तेव्हा ते म्हणाले, "रिकामं घर लवकर विकल्या जाते, बाई. माणूस राहत असला त गिऱ्हाईक मागंपुढं पाह्यते." साहेब, आपण सहज बोललात. मी मात्र तेच धरून बसले.

घर माझ्या आणि निकेशच्या नावावर आहे. सही अजून व्हायची आहे. माझी मी करणार नाही. आज सकाळी पोती सोडली. टॉर्च खिळ्याला अडकवला, रेनकोट दाराच्या मागे.

निकेश, तुझा राग मी समजून घेईन. फोन रोज कर, मी उचलीन.

बॅग मी परत करत नाही. आपला मान आहे तो. दिवाळीला चार दिवस निकेशकडे जाईन, तेव्हा ती कामी येईल.

अध्यक्ष महाराज, साहेब, अंजनाबाई आणि गल्लीतले सारे जण, आपण माझ्यासाठी वेळ काढला, खर्च केला, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. निरोपाच्या सभेत राहायचं बोलले, ही चूक पोटात घाला. आणखी काही उणंदुणं झालं असेल तर उद्या घरी येऊन सांगा. गिऱ्हाईकानं मागंपुढं पाहावं म्हणून मी घरीच आहे.