भावाच्या बागेतला रस

डॉक्टरांच्या खोलीतून तणतणत आलेला म्हातारा बाकावर बायकोशेजारी धपकन बसला.

“पायांचं काय म्हणाले?”

“तो ग्रेपफ्रूटचा रस बंद! त्याच्यामुळे कोलेस्टेरॉलची गोळी अंगात साठत गेली, म्हणून पाय दुखतात.”

“अगंबाई! मी तर रोज पेलाभर देतेय.”

“तुझ्या भावाच्या बागेतला! चार महिने नाक दाबून प्यालो.”

“मग डॉक्टरांनी आधी नको सांगायला?”

“दर वेळी एकच प्रश्न, काय काय सोडलं? लोणी सोडलं, साय सोडली, अंडी सोडली, सगळं घडाघडा सांगितलं. नवीन काय सुरू केलं, हे एकदा तरी विचारलं?”

“तुम्ही आपणहून सांगायचंत ना!”

“काय सांगायचं? इतकं कडू होतं, मला वाटलं, तेही औषधच!”