उंबराचे एकवीस उपयोग

नाही, नाही, काका, कोयता आधी पिशवीत घाला, मग बोलू — व्हॉट्सॲपवर फोटो बघून आलात ना? सोलापूरहून, गाडी काढून, आईच्या शुगरसाठी उंबराची साल न्यायला? तो बोर्ड माझाच. 'उंबराचे एकवीस उपयोग', खाली माझं नाव, वैजयंती, आणि पुढे डिग्री — हो, डिग्री टाकायला विसरले नव्हते. हॉलंडमध्ये सहा वर्षं झाडं शिकून मंद्रूपला परत आले, तर मला काय वाटलं होतं? लोक बोर्ड वाचतील, झाडाची किंमत कळेल, झाडाला जपतील. आणि झालं काय? वाचला की! अगदी मन लावून वाचला. नंबर चार, साल — साल गेली. नंबर नऊ, चीक — खोडाला चिरा पडल्या. नंबर सतरा, मुळांचं पाणी — तो बघा खड्डा. गाव चांगलं वाचणारं आहे हो, मीच उगाच शंका घेत होते.

आता हे खोड बघा. साल गोल सगळीकडून निघाली की झाड मरतं — हे मला परीक्षेत आलं होतं, पैकीच्या पैकी मिळाले होते. चारच बोटं राहिलीय, ही, या बाजूला. तेवढ्यावर अख्खं झाड जगतंय — आणि तुमची नजर नेमकी तिथंच आहे, दिसतंय मला. पहिला काप कुणी घातला, विचारा की. मीच. वीतभर, शाळेतल्या मुलांना आतली साल दाखवायला. त्याआधी या झाडाला कुणी नखसुद्धा लावलं नव्हतं. का? बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड होता, गाव त्याला दत्त म्हणायचं. मला ती अंधश्रद्धा वाटली. उचलला, आणि वाया कशाला घालवायचा, म्हणून बोर्डाच्या खांबाखाली काँक्रीटमध्ये घातला.

परवा संध्याकाळी गुरम्मा आली, शेळ्या घेऊन. खोडाकडे बघत म्हणाली, "बाई, तुमी देव काडलासा, मग ऱ्हायलं काय? निस्तं लाकूड की." एवढंच. आणि शेळ्या हाकत गेली. रात्रभर मी त्याच वाक्याला उत्तर शोधत होते — इंग्रजीतसुद्धा शोधलं.

काल सकाळी उठले ती ठरवूनच. बोर्डाला चुना फासला. जखमांना शेणमाती लिंपली. आणि देव — तो काँक्रीटमधून कसा निघायचा? — म्हणून हा… काका, हा वरवंटा आहे. आमच्या आईचा. शेंदूर लावला आणि अर्धा पुरला. मी! देव न मानणारी! आणि दुपारी आई इथं येऊन, डोळे मिटून, नारळ फोडून गेली — वरवंटा सापडू दे म्हणून.

अरे देवा. हे तुम्हाला सांगायचंच नव्हतं. तुमच्या आईंना डॉक्टरांच्या गोळ्या वेळेवर द्या. आता चपला काढा, हात जोडा — नीट जोडा हो, हसू नका, तिकडून गुरम्मा येतेय — आणि निघा.