ज्याने खोलले त्याने बांधावे

ज्याच्या कृपेने मुक्याला वाणी लाभते आणि बोलक्याला मौनाचे मोल कळते, त्या दयाघनाच्या चरणी मस्तक ठेवतो. देवा, आज शब्द अडू देऊ नकोस, एवढेच मागणे.

अध्यक्षस्थानी विराजमान असलेले आमचे वडीलधारे श्रीमान लिंबाजीराव, व्यासपीठावर बसलेल्या मुख्याध्यापिका तनुजाताई, अहमदपूरच्या अड्डा रस्त्यावरील सर्व व्यापारी बंधू, माता-भगिनी, आणि आज ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते मुज्तबाभाई व त्यांच्या पत्नी सालेहाबी! आपणा सर्वांस माझा सादर नमस्कार.

मला बोलायला उभे केले ते माझ्या वयाकडे पाहून, असे संयोजक म्हणाले. ते खरे नाही. मी सुदर्शनचा बाप आहे म्हणून मला उभे केले आहे. संयोजकांनी ते तोंडाने म्हटले नाही, हा त्यांचा सुसंस्कार.

सुदर्शन आणि मुज्तबा यांचे इंजिन दुरुस्तीचे दुकान या गावात कोणाला ठाऊक नाही? फवाऱ्याचे इंजिन असो, कडबाकुट्टीचे असो, लग्नमंडपातल्या जनरेटरचे असो, ते तेथेच जाई. माझ्या घरी त्रिकाळ संध्या आणि माझ्या लेकाच्या नखांत काळे तेल! प्रारंभी मला ते रुचले नव्हते. देवघराच्या उंबऱ्याशी मी त्याला हटकत असे, "हात धुतलेस का?" तो म्हणे, "आबा, तीनदा धुतले. आता उरलंय ते तेल न्हाई, माझा रंगच हाय." मागून मुज्तबा हसे. "काका, याला राखेनं घासा, पितळंवानी चमकंल."

त्या दुकानाचा एक दंडक होता. ज्याने इंजिन खोलले, त्यानेच ते बांधायचे. कितीही घाई असो, गिऱ्हाईक कितीही ओरडो, एकाने खोललेले इंजिन दुसरा बांधीत नसे. मी एकदा कारण विचारले. सुदर्शन म्हणाला, "आबा, कोणतं वायसर कुठून निघालं, कोणता भाग किती घट्ट होता, हे खोलणाऱ्याच्या बोटांना ठाऊक असतं. दुसऱ्याला सांगून कळत न्हाई." मी शास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले. बोटांना ठाऊक असलेली विद्या ही कल्पना मला तेव्हा मोठी गोड वाटली.

आपल्या मंदिरातील सप्ताहासाठी सुदर्शनने एक लहानसा जनरेटर देवाला अर्पण केला होता. वीज गेली की त्याच्यावर दिवे आणि माझ्या प्रवचनाचा भोंगा चाले. गेल्या साली सप्ताहाच्या अगोदर तो अडखळू लागला, म्हणून सुदर्शनने त्याचे इंजिन खोलले. आणि त्याच दुपारी, आपणास ठाऊकच आहे, तो घरी येऊन पडला तो पुन्हा उठला नाही. त्याची चाळिशीही भरली नव्हती.

ते इंजिन तसेच उघडे राहिले. मुज्तबाने ते एका परातीत ठेवले, त्यावर स्वच्छ धुतलेले फडके घातले. त्या वर्षीचा सप्ताह आणि यंदाचाही त्याच्याविनाच पार पडला. वीज गेली तेव्हा मी घसा ताणून बोललो. कित्येकांनी मुज्तबाला म्हटले, "अरे, देवाचे काम आहे, बांधून टाक." तो फक्त म्हणे, "म्या खोललेलं न्हाई."

गेल्या पंधरवड्यात तो माझ्याकडे आला. दुकान आवरून हैदराबादेस मेहुण्याच्या कारखान्यात जाण्याचे त्याने ठरवले होते. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "काका, एवढं एक इंजिन उघडं टाकून जाववत न्हाई. तुम्ही चला. बापाचा हात लागला म्हणजे सुदर्शनचाच लागल्यावानी हाय."

मी गेलो. धोतर खोचून लोखंडी स्टुलावर बसलो. मुज्तबाने फडके काढले.

सभेतील माता-भगिनींसाठी थोडे सांगतो. त्या इंजिनाची एक पेटी असते आणि तिला एका बाजूने झाकण असते. मधून दांडा फिरतो. झाकण पेटीवर नेमके बसले तरच दांडा मोकळा फिरतो, केसभर सरकले तर अडतो. ते नेमके बसावे म्हणून पेटीच्या काठावर दोन पोकळ पिना ठोकलेल्या असतात. डॉवेल म्हणतात त्यांना. करंगळीच्या पेराएवढ्या. त्यांतली एक पिन चेपलेली होती. पकडीचे दात तिच्यावर स्पष्ट उमटले होते, आणि ती भोकात वाकडी रुतून बसली होती.

मुज्तबाने तिच्यावर बोट ठेवले. मग म्हणाला, "काका, पोकळ पिन बदलायची तर तिला नुसती पकड लावायची नसती. आत बरोबर मापाची सळई घालायची, पेटी शेकायची, मग फिरवत फिरवत काढायची. हे मला सुदर्शननंच शिकवलं. आणि त्या दिवशी त्यानंच नुसती पकड लावून पिन चेपली."

"घाईत असेल," मी म्हणालो.

"न्हाई काका. त्याच्या हातात जोर राहिला नव्हता. सळई बसवता येईना. मी बघून हसलो. म्हणलो, उस्ताद, पिन चपटी केली, म्हातारा झालास! तो म्हणला, हात भरून आलाय रे, डावा. मी म्हणलो, नाटकं नको करू, जा, घरी जाऊन वहिनीच्या हातचा चहा पी." मुज्तबाने फडक्याला हात पुसले. "मी त्याला दवाखान्यात न्यायचं सोडून घरी धाडला, काका."

मुज्तबा, हे चारचौघांत सांगू का, असे मी आज सकाळी तुला विचारले. तू मान खाली घालून "हाव काका" म्हणालास. म्हणून सांगतो आहे.

त्या वेळी मी काय उत्तर दिले? काहीच नाही.  आम्ही दोघे कामाला लागलो. त्याने पेटी झोताच्या दिव्याने शेकली, चेपलेल्या पिनीत हळूहळू सळई बसवली, ती फिरवीत बाहेर काढली. नवी पिन तेलात बुडवून माझ्या हाती दिली. मी ती बसवली, मग झाकण ठेवून तळव्याने दाबले. एका बाजूला नखभर फट राहिली. मी म्हणालो, "बोल्ट आवळ, येईल जवळ."

त्याही दुःखात तो हसला. "काका, हे सुदर्शननं ऐकलं असतं तर तुम्हाला दुकानाबाहेर बसवलं असतं. बोल्टानं ओढून आणलेलं झाकण बसल्यावानी दिसतं, बसत न्हाई. हातानं बसलं तरच बसलं."

झाकण पुन्हा काढले. जुनी पिन निघताना भोकाच्या ओठाला खरवड उठली होती. बारीक पॉलिश कागदाने ती त्याने माझ्याकडूनच घासून घेतली. मी झाकण पुन्हा ठेवले, दाबले, आणि ते अलगद खाली गेले. ते बसलेले मला तळव्यात कळले. सुदर्शनच्या बोटांना काय ठाऊक असे, ते मला त्या क्षणापुरते कळले. फार उशिरा कळले.

सर्व जोडून झाल्यावर मुज्तबाने दोरी ओढली. इंजिन सुरू झाले, एकसुरी, स्वच्छ. सज्जनहो, मला वाटले होते, त्या आवाजात माझा मुलगा थोडासा तरी परत येईल. तो नुसता इंजिनाचा आवाज होता. मी म्हणालो, "बंद कर." आणि घरी आलो.

मी मोठा प्रवचनकार! दुसऱ्यांच्या दारी मृत्यू आला तेव्हा आत्म्याच्या अमरत्वावर घटकाघटका बोललो आहे. झाकणाचा आणि पिनीचा दृष्टांतही मला सुचतो, जन्माची खोड आहे ती. पण आज देत नाही. पुत्रशोकाला दृष्टांत पुरत नाही.

मात्र जे त्या दिवशी बोलता आले नाही, ते आज बोलतो. मुज्तबा, वर बघ. हात भरून आल्याचे त्याने घरीही सांगितले होते. सूनबाई उज्ज्वलेने कोमट तेल चोळले. मी म्हणालो, जरा आडवा हो. एका घरात आम्ही दोघे होतो, आणि हे हृदयाचे दुखणे आहे, हे दोघांनाही समजले नाही. तुला दोष द्यायचा तर आधी माझ्या घरातल्या तेलाच्या वाटीला द्यावा लागेल. तू त्याला हसवून घरी पाठवलेस. आला तेव्हा तो खरोखर हसत होता. "मुज्तबानं मला म्हातारा ठरवलं, आबा," हे त्याचे मला ऐकू आलेले शेवटचे वाक्य. माझ्या लेकाच्या ओठावर शेवटी हसू होते, बाळा, ते तुझे देणे आहे.

आता एक मागणे. सालेहाबींनी उज्ज्वलेला सांगितले की तुझा सदरा धुवायला काढला की खिशातून ती चेपलेली पिन निघते. त्या बाजूला ठेवतात, तू पुन्हा खिशात घालतोस. आजही ती तुझ्या खिशात आहे, तुझा हात तेथेच गेलेला येथून दिसतो आहे.

आपल्याकडे निरोप देताना शाल आणि श्रीफळ देतात, तेही देऊ. पण त्याआधी ती पिन माझ्या हातावर ठेव. ती माझ्या मुलाची आहे आणि तिचा वारस मी आहे. परगावी निघालेल्याने ओझे घेऊन निघू नये. तुझ्या दुकानाचाच दंडक सांगतो. हे दुःख माझ्या घरात खोलले गेले, ते बांधायचे काम माझे आहे, तुझे नव्हे.

ये, वर ये.

सज्जनहो, ती माझ्या मुठीत आली आहे. अजून त्याच्या अंगाची ऊब आहे तिला.

संयोजकांचे, अध्यक्षांचे आणि आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. वृद्धापकाळाने जीभ चुकली असेल, शोकाने मर्यादा ओलांडली असेल, कोणाचे नाव घ्यायचे राहिले असेल, तर मोठ्या मनाने पोटात घालावे. मुज्तबा-सालेहा, जेथे जाल तेथे तुमच्या हातून बंद पडलेले सुरू होवो. आणि जे येथे ऐकत आहेत, जे पुढे कधी हे वाचतील, त्या सर्वांच्या घरी संध्याकाळी प्रत्येक माणूस सुखरूप परतो, हीच परमेश्वराच्या चरणी प्रार्थना.