ग्रुपवरचा काढा

आबिड्स भागातल्या दवाखान्यात ड्रेसिंगसाठी थांबलो होतो. शेजारी एक भाऊ-बहीण बसले होते. बहिणीचा डावा पाय घोट्यापासून कापलेला होता.

"अक्का, मी चांगल्यासाठीच पाठवला होता गं. डॉक्टरचाच व्हिडिओ होता तो."

"पांढरा कोट घातला की झाला डॉक्टर? काढा घ्या, इन्सुलिन सोडा म्हणाला. मी सोडलं."

"लाखो लोकांनी पाहिला होता."

"म्हणून खरा होतो का रे, हिम्मत?"

"आता डिलीट केला ना मी."

"तुझ्या फोनमधून गेला. ज्यांनी पुढे पाठवला, त्यांच्याकडे आहेच. माझा पाय गेला, हे ग्रुपवर सांगितलंस?"

"कसं सांगू? ॲडमिन आहे मी. इज्जत जाईल."

"निदान ग्रुपमधल्या योगिनीच्या आईला सांग. तोच व्हिडिओ बघून तिनं कालपासून इन्सुलिन सोडलंय."

"बघतो. आधी तुझं ड्रेसिंग होऊ दे."